नगरपरिषदेच्या जलवाहिनीच्या गळतीमुळे घराला तडे : देऊ केलेली रक्कम स्वीकारावी काय?

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खानदेशातल्या जुन्या पेठांत राहणाऱ्या कितीतरी घरमालकांवर आमच्यासारखी वेळ येत असणार, म्हणून हकीकत सविस्तर लिहितो. आमचे घर जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. गावाचे आणि नगरपरिषदेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण अजून विचाराधीन आहे आणि मला कोणाची बदनामी करायची नसून घर दुरुस्त करून घ्यायचे आहे.

घराचा पुढचा भाग आजोबांच्या काळातला आहे. सागाचे खांब, विटा-मातीच्या भिंती आणि वर धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत. मागचा भाग वडिलांनी बांधलेला, स्लॅबचा. दोन वर्षांपूर्वी गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. त्याआधी जलवाहिनी कुठे फुटली तर पाणी गल्लीत वर यायचे, कोणीतरी पाणीपुरवठा विभागात जाऊन सांगायचे आणि खड्डा घेऊन दुरुस्ती व्हायची. काँक्रीट झाल्यापासून पाण्याला वर यायला वाटच उरली नाही. आमच्या ओट्यालगत व्हॉल्व्हचे चेंबर आहे. त्याच्या खालच्या सांध्यातून सुटणारे पाणी रस्त्याखालून सरळ आमच्या जोत्यात मुरत राहिले.

हे प्रथम आईच्या लक्षात आले. ओसरीचे दार खाली घासू लागले, कडी बसेनाशी झाली, तेव्हा ती म्हणाली, "भीत बठी ऱ्हायनी रे भाऊ" (भिंत खचत चालली आहे रे). पुढच्या काही दिवसांत चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून आढ्याच्या दिशेने तिरपी भेग निघाली. मी भेगेच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहू लागलो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. पाणी सुटून गेले की दुसऱ्या दिवशी भेगेचे टोक रेघेच्या पुढे सरकलेले दिसायचे, आणि मधल्या कोरड्या दिवसांत ते जागेवर थांबायचे. भिंतीवर आता अशा रेघांची शिडीच तयार झाली आहे.

कार्तिकात लेखी तक्रार दिली, तिची पोच माझ्याकडे आहे. चेंबर उघडून सांधा बदलण्यात आला तो मात्र फेब्रुवारीत. आता नगरपरिषदेकडून तोंडी सांगण्यात आले आहे की ५० हजार रुपये 'सानुग्रह मदत' म्हणून, म्हणजे हक्क नव्हे तर कृपा म्हणून, देता येतील, पण त्यासाठी 'यापुढे माझी कोणतीही तक्रार अथवा मागणी राहणार नाही' असे हमीपत्र द्यावे लागेल. खासगी अभियंत्याने दुरुस्तीचा खर्च ४ लाख ६० हजार रुपये काढला आहे. आई म्हणते, मिळते ते घ्यावे आणि पावसाळ्याआधी भिंत उभी करावी. तिचे म्हणणे मला टाकवत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

वकिलीतला

दादा, सर्वांत आधी मुदतीचा विचार करा, रकमेचा नंतर. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०४ प्रमाणे, अधिनियमाखालील कामात केलेल्या कृतीबद्दल किंवा हयगयीबद्दल नगरपरिषदेवर दावा लावायचा असेल, तर वादकारण (दाव्याला कारण ठरलेली घटना) घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल व्हावा लागतो, आणि त्याआधी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावे लागते. म्हणजे नोटिशीचा महिना सहा महिन्यांतूनच काढायचा आहे असे धरून चाला. हीच व्यवस्था महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४८७ मध्ये आणि ग्रामपंचायतींसाठी १९५८ च्या अधिनियमाच्या कलम १८० मध्ये आहे. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या वाचकांना आणि खेड्यातल्या वाचकांनाही हे लागू पडते.

अनेक घरमालकांचे दावे नेमके येथेच बुडतात. मुख्याधिकारी भले असतात, अभियंते येऊन पाहून जातात, 'पुढच्या सभेत विषय घेऊ' असे सांगितले जाते, ते खोटेही नसते. पण या बोलण्याने मुदत थांबत नाही. मुदत संपल्यावर तेच कार्यालय, आपल्या वकिलाच्या सल्ल्याने, मुदतीचा आक्षेप घेते. तो घेणे त्यांचे कर्तव्यच ठरते, कारण न घेतल्यास लेखापरीक्षणात विचारणा होऊ शकते.

तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे. गळती सतत चालू होती, म्हणून हा चालू राहणारा अपकृत्याचा (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या हानीचा) प्रकार आहे आणि मुदत कायद्याच्या (१९६३) कलम २२ प्रमाणे तो चालू असेपर्यंत क्षणोक्षणी नवी मुदत सुरू होते, असा युक्तिवाद करता येतो. तथापि सांधा बदलला त्या दिवशी गळती थांबली, आणि विशेष अधिनियमातली सहा महिन्यांची अट समोर असताना केवळ या युक्तिवादाच्या भरवशावर मी माझ्या पक्षकाराला बसवणार नाही. कार्तिकातल्या तक्रारीपासूनच दिवस मोजा आणि या आठवड्यात नोटीस द्या.

नोटिशीत वादकारण, मागितलेली दाद, भरपाईची रक्कम, तुमचे पूर्ण नाव आणि पत्ता स्पष्ट असावा. हमीपत्रावर सही करू नका. करार कायद्याच्या (१८७२) कलम ६३ प्रमाणे आपण स्वखुशीने कमी रकमेत समाधान मानले तर उरलेली मागणी संपते. काही रक्कम तातडीची म्हणून घ्यावीच लागली, तर पावतीवर 'उर्वरित मागणीचा हक्क राखून' असे लिहून घ्या, आणि कार्यालय तसे लिहू देत नसेल तर रक्कम घेऊ नका.

---

निवृत्त उपअभियंता

कायद्याची बाजू वर आली आहे, मी भिंतीची बाजू सांगतो. कार्यालयाच्या वतीने स्थळपाहणी अहवाल लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. अशा अहवालाचे पहिले वाक्य जवळपास ठरलेले असते : 'घर जुने असून काळ्या मातीत आहे, तडे हंगामी स्वरूपाचे आहेत.' हे वाक्य निराधार नाही, म्हणूनच ते खोडायला पुरावा लागतो.

तापीच्या खोऱ्यातली काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात आपल्या शेतांना ज्या भेगा पडतात त्या यामुळेच. घराखालची माती सगळीकडे सारखी फुगली किंवा सारखी आकसली तर घराला फारसे काही होत नाही. एक कोपरा भिजला आणि बाकीचे जोते कोरडे राहिले तर भिंत मुरगळते, आणि तो मुरगळा दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगेच्या रूपाने बाहेर पडतो. त्यातच जुन्या जोत्याचे दगड मातीत बसवलेले असतात. सतत ओल राहिली की दगडांमधली माती लोण्यासारखी मऊ होते आणि वरच्या भिंतीचे वजन तिला पेलत नाही. तुमच्या आईंनी जे एका वाक्यात सांगितले ते अभियांत्रिकीच्या दृष्टीने अगदी अचूक आहे.

आता हंगामी भेग आणि गळतीची भेग यांतला फरक पाहा. हंगामी भेग उन्हाळ्यात रुंदावते, पाऊस लागला की मिटत जाते, आणि ती घराच्या चारही अंगांना थोडीथोडी दिसते. गळतीची भेग एकाच बाजूला असते, वाहिनीच्या दिशेने वाढत जाते आणि पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाबरोबर हलते. तुम्ही पेन्सिलने ज्या तारखा लिहिल्या आहेत त्या या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहेत, जरी त्या कागदावर नसल्या तरी. कृपया त्या भिंतीला हात लावू नका, चुना मारू नका, गिलावा करू नका. पट्टी शेजारी धरून प्रत्येक रेघेचा फोटो काढा, आणि पाणीपुरवठा विभागाच्या नोंदवहीतील पाणी सोडल्याच्या तारखा माहितीच्या अधिकारात मागवा. दोन्ही तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की 'हंगामी' हा शब्द अहवालात टिकणार नाही.

भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी सिमेंटने दोन्ही बाजूंना चिकटवून ठेवा आणि तिच्यावर तारीख लिहा. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते; न हलल्यास ती शाबूत राहते, आणि गळती बंद झाल्यावर भिंतही थांबली हे त्यातून सिद्ध होते. कारण आणि परिणाम यांचा संबंध दाखवणारा याहून स्वस्त पुरावा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. जोत्यालगत पाझरलेले पाणी जलवाहिनीचेच होते, मोरीचे किंवा जमिनीतले नव्हते, हे दाखवावे लागते. वाहिनीतल्या पाण्यात क्लोरीन असते, आणि खेडोपाडी आरोग्य कर्मचारी जी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करतात तिच्यात क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. गळती चालू असताना कोणी ही चाचणी केली असेल तर त्या नोंदी शोधा. मात्र रंग आला नाही म्हणून पाणी वाहिनीचे नव्हते असे कोणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन संपून जाते. आता गळती थांबली असली तरी रस्त्याकडच्या जोत्यालगत एक आणि मागच्या बाजूला एक असे दोन चाचणी खड्डे संयुक्त पाहणीत घेण्याचा आग्रह धरा. काळी माती ओल लवकर सोडत नाही. दोन खड्ड्यांतल्या मातीतला फरक हातालाही कळेल. मातीचे नमुने शासकीय तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतात.

तोवर ओसरीच्या तुळईला टेकू द्या आणि त्या खर्चाची पावती जपा. नुकसान वाढू नये म्हणून मालकाने काय केले, हा प्रश्न सभेतही येतो आणि न्यायालयातही.

---

गिरणेकाठची

दादा, माझा अनुभव वेगळ्या वाटेचा आहे, पण तो येथे मांडणे गरजेचे वाटते, कारण आमच्याकडे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगाव परिसरात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, तेव्हा तलाठ्यांनी घरोघर पंचनामे केले आणि मदत वाटली गेली. ती नैसर्गिक आपत्तीची मदत होती. कोणाच्या हयगयीचा प्रश्न तेथे नव्हता, आणि रक्कमही ठरलेल्या निकषांनुसारच मिळते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्णतः पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरवले होते, पण अंशतः पडलेल्या पक्क्या घराला, तेही किमान १५ टक्के पडझड झाली असेल तर, केवळ ६,५०० रुपये.

तुमच्या कार्यालयात कोणी 'तहसीलमधून पंचनामा करून आणा' असे सांगितले, तर त्या वाटेला जाऊ नका. तहसीलदारांचा पंचनामा आपत्तीसाठी असतो. तुमचे नुकसान आभाळातून आलेले नाही. आमच्या शेजारच्या आजींना असेच तहसील आणि ग्रामपंचायत यांच्यामध्ये फिरवले गेले, आणि शेवटी कोणत्याच दारात त्यांचा अर्ज बसला नाही. त्यांचे वय पाहता ते बघवत नव्हते.

---

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. नोटीस वकिलांमार्फत नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे आणि एक प्रत कार्यालयाच्या आवक विभागात देऊन शिक्का घेतला आहे. माहितीचा अर्जही केला : पाणी सोडल्याची नोंदवही, व्हॉल्व्ह दुरुस्तीचा कार्यादेश, आणि काँक्रीट रस्त्याची मोजमाप पुस्तिका व निविदेच्या अटी. ओटी चाचणीची नोंद मिळाली. आमच्या गल्लीत गढूळ पाण्याच्या तक्रारी होत्या तेव्हा आरोग्य विभागाचा कर्मचारी आला होता, त्याने आमच्या ओट्यालगतच्या पाझरातही नळी बुडवून पाहिली होती आणि पिवळा रंग आल्याचे वहीत लिहिले होते.

---

एक माजी नगरसेवक

मी वेगळी बाजू मांडतो. धागाकर्त्याबद्दल सहानुभूती ठेवूनच. लहान नगरपरिषदेत घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली अपुरी असते, स्वतःचे उत्पन्न पगार आणि वीजबिलात जाते, आणि विकासनिधी ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च करावा लागतो. एका घराला साडेचार लाख द्यायचे ठरले तर ते देणार कोठून? त्याच पैशात एखाद्या गल्लीची जुनी वाहिनी बदलता येते, आणि तिच्यामुळे उद्याची दहा घरे वाचतात. शिवाय एकाला दिले की खरे-खोटे शंभर अर्ज येतात. सभागृहात बसल्यावर हा विचार करावाच लागतो. म्हणून ठराविक मदत देऊन विषय संपवण्याकडे कल असतो, त्यामागे दुष्टावा नसतो.

---

वकिलीतला

अण्णा, आपली अडचण खरी आहे, पण तिचा भार एका घरमालकाने का सोसावा, हा प्रश्न उरतोच. वाहिनी साऱ्या गावाची आहे. तिच्यामुळे झालेली हानी साऱ्या गावाने वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला काही रुपये येतात. एका कुटुंबावर टाकली तर त्याचे घर जाते.

निधी नसल्याच्या कारणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. गटारांची व्यवस्था करायला पैसा नाही असे त्या नगरपालिकेचे म्हणणे होते. कायद्याने घातलेले कर्तव्य आर्थिक अडचणीच्या सबबीवर टाळता येणार नाही असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात म्हटले आहे. गळती अजून चालू असलेल्या वाचकांसाठी येथेच सांगतो : ते प्रकरण उपद्रव हटवण्याच्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशातून सुरू झाले होते, आणि तोच अधिकार आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. दुरुस्ती होतच नसेल तर प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, तसा अर्ज करता येतो.

'गळती जमिनीखाली होती, आम्हाला दिसली नाही' असेही म्हटले जाईल. दिल्लीत चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा दिल्ली महापालिकेनेही दोष वरून दिसत नसल्याचे सांगितले होते. १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही, कारण मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, त्यातल्या चुन्याचे आयुष्य त्याच्या निम्म्याच्या आसपास होते, आणि वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्य होते. रस्त्यावर काँक्रीट घालण्यापूर्वी खालची वाहिनी आणि तिचे सांधे तपासणे हे त्याच जातीचे कर्तव्य आहे.

---

लेखाशाखा

मी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या लेखा विभागात काम करतो, त्यामुळे नाव-गाव न सांगता लिहितो. भरपाई न मिळण्याचे एक कारण या धाग्यात अजून आलेले नाही, आणि ते म्हणजे सही करणाऱ्याची भीती. स्थानिक निधी लेखापरीक्षक येतात तेव्हा ते विचारतात : ही रक्कम कोणत्या आधारावर ठरवली, कोणत्या तांत्रिक अहवालावर, कोणत्या ठरावाने? उत्तर कागदावर नसेल तर आक्षेप निघतो आणि वसुली अधिकाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. म्हणून अधिकारी दोनच वाटा सुरक्षित मानतात, एक तर लहानशी सानुग्रह रक्कम, नाही तर 'न्यायालयात जा, हुकूमनामा आणा'.

तेव्हा घरमालकाने असा संच तयार करावा की मुख्याधिकाऱ्यांना सही करताना हात थांबवावा लागणार नाही. दुरुस्तीचे अंदाजपत्रक खासगी दरांनी केले असेल तर ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवर पुन्हा करून घ्या. बाबनिहाय मोजमाप, दर आणि रक्कम. आमच्या अभियंत्याला ते तपासता येते, त्यावर सही करता येते. त्यासोबत संयुक्त पाहणीचा अहवाल, वकिलाचा अभिप्राय आणि सभेचा ठराव असला की रक्कम मोठी असूनही आक्षेपाला जागा राहत नाही. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना ठराव तहकूब करण्याचा अधिकार आहे, तोही अशा नीट कारणे दिलेल्या ठरावावर वापरला जाण्याची शक्यता कमी असते.

रस्त्याच्या निविदेच्या अटी मागवल्या हे फार चांगले झाले. कामामुळे तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाल्यास कंत्राटदार जबाबदार, अशी अट सहसा असते. दोषदायित्व कालावधी (कामातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत) संपलेला नसेल तर त्याची सुरक्षा अनामत नगरपरिषदेकडेच असते. म्हणजे माजी नगरसेवकांच्या 'कोठून द्यायचे' या प्रश्नाचे काही अंशी उत्तर त्या अनामत रकमेत असू शकते. मात्र कंत्राटदाराच्या मागे घरमालकाने धावायचे नाही. तो हिशेब नगरपरिषदेने करायचा आहे.

---

धागाकर्ता

संयुक्त पाहणी झाली. दोन्ही खड्डे घेतले. रस्त्याकडच्या खड्ड्यातली माती मुठीत दाबली तर तिचा गोळा होऊन बोटांचे ठसे उमटत होते. मागच्या खड्ड्यातली ढेकळे टिकावाशिवाय फुटत नव्हती. दोन्हीकडची माती एकाच वेळी फोटोत घेतली आणि अहवालावर उपस्थितांच्या सह्या झाल्या. भेगेवरची काच अजून शाबूत आहे.

त्यानंतर लेखी प्रस्ताव आला आहे. दरसूचीप्रमाणे खर्च ४ लाख १० हजार रुपये त्यांनी मान्य केला, पण 'बांधकाम जुने असल्याने घसारा वजा जाता १ लाख ८५ हजार रुपये देय' असे म्हटले आहे. घसारा म्हणजे वयोमानाने घटलेले मूल्य. 'सानुग्रह' हा शब्द गेला, 'भरपाई' हा शब्द आला, याचे समाधान वाटते. पण निम्म्याहून कमी रकमेत भिंत उभी राहणार नाही. याला उत्तर काय द्यावे?

---

निवृत्त उपअभियंता

घसारा कोठे लावायचा आणि कोठे नाही, हा खरा वादाचा मुद्दा आहे आणि त्यावर अडून बसायला हरकत नाही. घर विकताना किंवा भूसंपादनात मूल्य काढताना बांधकामाच्या वयाचा घसारा लावतात, कारण तेथे घेणारा जुने घर घेत असतो. येथे मालकाला नवे घर मिळत नाही. जे होते ते पुन्हा उभे करायचे आहे, आणि विटा, मुरूम, गवंडी यांचे दर आजचेच मोजावे लागणार आहेत. पाया मजबूत करणे, जोते पुन्हा बांधणे, भिंतीचा मुरगळलेला भाग उतरवून चढवणे, टेकूचा खर्च, या बाबींवर घसारा लावण्यास तांत्रिक आधार नाही.

पण सर्वच बाबींवर हा युक्तिवाद ताणू नका. तुमच्या अंदाजपत्रकात संपूर्ण ओसरीला नवी फरशी आणि सगळ्या घराला रंग धरलेला असेल, तर त्यात सुधारणा आहे हे मान्य करावे लागेल. त्या बाबींवर घसारा मान्य करून उरलेल्यांवर पूर्ण रक्कम मागा. बाबनिहाय उत्तर दिले की समोरच्या अभियंत्यालाही सभेत तुमच्या बाजूने बोलता येते.

---

वकिलीतला

उत्तर देताना मुदतीकडे लक्ष असू द्या. नोटिशीचा महिना संपला असेल तर बोलणी चालू ठेवूनही दावा दाखल करून ठेवा. यात वैर नाही. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत तडजोड करता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. लेखाशाखेच्या मित्रांनी सांगितलेली भीतीही त्याने दूर होते, कारण अधिकाऱ्याच्या हाती निवाडा असतो. घर आईंच्या नावावर असेल तर त्यांना, महिला म्हणून, उत्पन्नाची अट न लागता कलम १२ खाली मोफत वकीलही मिळू शकतो.

---

एक माजी नगरसेवक

बाबनिहाय घसाऱ्याचा मुद्दा मला पटला. माझ्या काळात असा प्रस्ताव आमच्यापुढे आला असता तर मी त्याच्या बाजूने हात वर केला असता. आमच्यापुढे नेहमी एकच आकडा यायचा, त्यामागचे कागद यायचे नाहीत.

---

धागाकर्ता

शेवटची माहिती देतो. घर आईच्याच नावावर आहे. तिच्या नावाने मुदतीत दावा दाखल केला आणि लोकअदालतीत तडजोड झाली. ३ लाख ४० हजार रुपये ठरले. फरशी आणि रंग यांवर आम्ही घसारा मान्य केला, पाया-जोते-भिंत यांवर नगरपरिषदेने पूर्ण रक्कम मान्य केली. रस्त्याच्या कामाचा दोषदायित्व कालावधी चालू असल्याने कंत्राटदाराच्या अनामत रकमेतून काय वसूल करायचे ते नगरपरिषद स्वतंत्रपणे पाहणार आहे. निवाड्यात रक्कम दोन हप्त्यांत, तारखांसह लिहून घेतली, आणि हप्ता चुकल्यास व्याजाची अटही घातली. चेंबरच्या सांध्याची दर उन्हाळ्यात तपासणी करण्याचे कलम मात्र आम्हाला घालून घेता आले नाही. त्याबद्दल स्वतंत्र अर्ज दिला आहे आणि गल्लीतल्या सर्वांनी त्यावर सह्या केल्या आहेत. पहिला हप्ता मिळाला असून जोत्याचे काम सुरू झाले आहे.

---

केळीबाग

हा धागा वाचून रावेर तालुक्यातल्या आमच्या घराकडे नीट पाहिले. न्हाणीघराच्या भिंतीला तशीच तिरपी भेग आहे आणि बाहेरून ग्रामपंचायतीची वाहिनी जाते. भेग केव्हापासून आहे ते घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही. सुरुवात कशाने करावी?

---

निवृत्त उपअभियंता

आज भेगेच्या दोन्ही टोकांना रेघ मारून तारीख लिहा आणि काचेची पट्टी लावा. उद्या ग्रामपंचायतीत गळती तपासण्याचा लेखी अर्ज द्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही-शिक्क्याची पोच घ्या. कलम १८० ची मुदत कोणत्या दिवसापासून धरायची हे वकिलांना याच आठवड्यात विचारा. तोवर न्हाणीघराच्या मोरीचे पाणी आठवडाभर दुसरीकडे वळवून पाहा, म्हणजे पाझर घरातला की बाहेरचा हे तुम्हालाच कळेल.